गावाने केबल तोडली तेव्हा

विरारच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्यावर, म्हणजे दोन हजार सालानंतर, आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये एक वाद कायम चालायचा. बातम्यांच्या वाहिन्या खोटं दाखवतात की नाही, हा. तोवर चोवीस तास बातम्या सांगणाऱ्या वाहिन्या आल्या होत्या, आणि डबे उघडले की कोणीतरी विषय काढायचंच. एक बाई म्हणायच्या, सगळे विकले गेलेत. चित्रकलेचे सर म्हणायचे, कॅमेरा खोटं कसं बोलेल. मी मुकाट्याने जेवत राहायचे. मला मत नव्हतं असं नाही. पण ते सांगायचं तर आधी माझ्या आत्याच्या मयताची हकिगत सांगावी लागली असती, आणि ती मधल्या सुट्टीत मावणारी नव्हती.

आमचं घर भुईगावात. वाडीत केळी, पानवेली, थोडी फुलझाडं. बाबा वाडी करायचे आणि गावकीत पुढे असायचे. कोणाची हद्द कुठे, सणाला मांडव कुठे, कोणाचं भांडण कसं मिटवायचं, प्रत्येक गोष्टीत त्यांना मत असायचं आणि ते मत ते मोठ्याने सांगायचे. घरात आम्ही आमच्या बोलीत बोलतो. ती जशीच्या तशी लिहिली तर माणिकपूरच्या पुढे कोणाला कळायची नाही, म्हणून इथे जरा सोपी करून लिहिते आहे. बोलीवर अन्याय होतो हे कळतं, पण इलाज नाही.

आमच्याकडे कोणी वारलं की चर्चची घंटा वाजते, पण ती आपापल्या धर्मग्रामापुरती, म्हणजे त्या चर्चच्या हद्दीपुरती. दुसऱ्या गावातल्या नातेवाइकांकडे सांगावा जायचा. मयताच्या घरचा एखादा पुरुष सायकल काढायचा. सांगावा आणणाऱ्याने ओटीवर चढायचं नाही, बसायचं नाही, पाणीही घ्यायचं नाही. अंगणात उभं राहून नाव सांगायचं, माती किती वाजता ते सांगायचं आणि पुढच्या घराकडे निघायचं. बाई वारली असेल तर पहिला सांगावा तिच्या माहेरी, कारण पेटीत तिच्या अंगावर घालायचं लुगडं भावाने आणायचं आणि पहिली मूठ माती भावाने द्यायची. घराघरांत कितीही वैर असो, सांगावा चुकत नसे. वर्षानुवर्षं बोलणं टाकलेला माणूस अंगणात येऊन, जमिनीकडे बघत नाव सांगून परत गेलेला मी लहानपणी पाहिला आहे.

मग केबल आली. नव्वदच्या दशकाची सुरुवातीची वर्षं असतील. माणिकपूरच्या एका तरुण गृहस्थाने सगळ्या पट्ट्यात वायरी खेचल्या, झाडांवरून, विजेच्या खांबांवरून, जिथे आधार मिळेल तिथून. बाहेरच्या वाहिन्या दाखवता दाखवता त्याने स्वतःचीही एक वाहिनी काढली. तिच्यावर दुपारी सिनेमा, रविवारी आठवड्याच्या बातम्या, आणि पडद्याच्या खालच्या बाजूला सतत सरकणारी एक पट्टी. साड्यांचा सेल, शिकवणीचे वर्ग, नव्या इमारतींतले फ्लॅट. कधीतरी कोणीतरी त्याला विनंती केली की आमच्या आजोबांच्या मातीची वेळ तेवढी पट्टीवर टाका. त्याने टाकली आणि पैसे घेतले नाहीत. मयताचे कसले पैसे घ्यायचे, म्हणाला. त्याच्याबद्दल गावात चांगलं बोललं गेलं ते तेव्हापासून.

यात त्याचा काही डाव होता असं मला आजही वाटत नाही. पण हळूहळू सायकली भिंतीला टेकून राहायला लागल्या. कोणी वारलं की एक माणूस माणिकपूरला केबलच्या ऑफिसात जायचा आणि काम झालं म्हणायचा. बायका भाजी निवडताना एक डोळा पट्टीवर ठेवायच्या. माझी आत्या, बाबांची थोरली बहीण, तर टीव्ही फक्त खालूनच बघायची. वर नाच चालू आहे की युद्ध, तिला काही घेणं नव्हतं. ती आगाशीच्या बाजूला दिलेली. कानाने कमी ऐकू येत असे, त्यामुळे तिच्या गावची घंटासुद्धा तिला पट्टीवरच कळायची. आम्ही तिला चिडवायचो की आत्या, पट्टीवर आल्याशिवाय तुझ्याकडे कोणाला मरायची परवानगी नाही. ती हसायची आणि पुन्हा खाली बघायची.

त्याच सुमाराला पाण्याचा प्रश्न पेटला. स्टेशनच्या बाजूला इमारती उभ्या राहत होत्या, नळाला पाणी नव्हतं, आणि टँकर आमच्या गावांतल्या विहिरींवर पंप लावून पाणी उपसून नेत होते. विहिरी खारट व्हायला लागल्या. तसल्याच एका इमारतीत मी पुढे राहायला गेले आणि टँकरची वाट बघत बादल्या घेऊन उभी राहिले, हेही सांगून टाकते. पण तेव्हा मी गावातली होते आणि माझं रक्त तापलेलं होतं. नगर परिषदेची निवडणूक जवळ आली होती. केबलवाल्याचा मेहुणा उभा होता आणि तो टँकरवाल्यांच्या बाजूचा. गावाने आपला उमेदवार उभा करायचं ठरवलं आणि रविवारी शाळेच्या पटांगणात सभा बोलावली. केबलचा कॅमेरा आला. सभा चारला होती, म्हणजे गाव साडेपाचला जमलं. पटांगण भरून लोक कुंपणाबाहेर उभे राहिले. बाबा बोलले, फार चांगले बोलले.

पुढच्या रविवारी बातम्यांत आमची सभा दाखवली. रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा, एका खुर्चीवर झोपलेलं कुत्रं, माइक तपासणारा माणूस. मागून आवाज सांगत होता की भुईगावातील सभेला ग्रामस्थांना चार वाजता बोलावण्यात आले होते. एवढंच. यात एक अक्षर खोटं नव्हतं. खुर्च्या चार वाजता रिकाम्याच होत्या, कुत्रंही खरोखर होतं, आमच्याच गल्लीतलं. बाबा पडद्यासमोर उभे राहिले होते आणि त्यांना ओरडायलासुद्धा काही सापडत नव्हतं. त्या दिवशी मला कळलं की कॅमेऱ्याला खोटं बोलावं लागत नाही. तो कधी सुरू करायचा आणि कधी बंद, हे ज्याच्या हातात आहे त्याचं काम तेवढ्यात भागतं. चित्रकलेच्या सरांना मी हे पुढे कधी समजावलं नाही, कारण ते कुत्र्यावर हसले असते.

गाव भडकलं. ठराव झाला की माफी मागेपर्यंत गावातल्या एकाही घराने केबल ठेवायची नाही. बाबांनी सगळ्यांच्या देखत आमची वायर कोयत्याने तोडली. नेमका राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, तोंडावर आला होता. आमच्याकडे उपवासकाळात प्रत्येकजण काहीतरी सोडतो, कोणी मटण, कोणी दारू, कोणी विडी. फादरांनी प्रवचनात सांगितलं की यंदा टीव्ही सोडा, गावाचंही होईल आणि देवाचंही. झालं. आता केबल ठेवणारा माणूस गावाशीही बेइमान आणि देवाशीही. बाबा खुशीत होते. मला मात्र तेव्हाच वाटलं होतं की एका वायरीवर इतकं वजन टांगू नये.

कारण क्रिकेटच्या मॅच सुरू होत्या. बायकांच्या मालिका ऐन रंगात होत्या. आठवडाभरात गावातल्या काही घरांच्या खिडक्या संध्याकाळी बंद व्हायला लागल्या. विचारलं की डास फार झालेत म्हणायचे. ज्यांना डास चावतात हे जन्मात कधी जाणवलं नव्हतं अशी ती माणसं. समोरून तोडलेल्या वायरी मागच्या बाजूने पुन्हा जोडल्या गेल्या होत्या. चौकार गेला की तीन बंद घरांतून एकदम दबका गलका यायचा आणि लगेच थांबायचा. शेजारच्या काकांच्या घरातून तर दोनदा आला. काका म्हणजे बाबांचे लहानपणापासूनचे मित्र; दोघांच्या वाड्या एकमेकींना लागून, दोघे एकमेकांना अजून अरे-तुरे करायचे. ठरावावर बाबांच्या खालोखाल सही काकांचीच होती. मी आईकडे बघायचे, आई भांड्यांकडे बघायची. बाबांना काही कळत नाही असंच आम्ही दोघी धरून चाललो होतो.

आणखी एक गाठ त्यात बसली. आत्याचा मोठा मुलगा केबलवाल्याच्या मेहुण्याच्या प्रचारात होता. तिकडच्या गावाला विहिरींचा त्रास नव्हता आणि त्या माणसाने तिकडे रस्ता करून दिला होता, म्हणून. बाबांनी त्याला बोलावून चार शब्द सुनावले. तोही तरुण, त्याने आठ परत केले. तेव्हापासून मामा-भाच्यांचं बोलणं बंद होतं. आत्या दोघांच्या मध्ये सापडली होती. दोघांनाही निरोप पाठवायची की निवडणूक होऊन जाईल, तुम्ही राहणार आहात.

ती त्या उपवासकाळातच गेली. पहाटे, झोपेत. मी सकाळी नेहमीसारखी शाळेत गेले. तेव्हा मी माणिकपूरच्या एका शाळेत नुकतीच लागले होते. परीक्षा जवळ होत्या, म्हणून थांबून जादा तास घेतला. पाच वाजून गेल्यावर रिक्षा स्टँडकडे निघाले, तर वाटेतल्या शिवणयंत्रांच्या दुकानात टीव्ही चालू होता. दुकानाच्या दारात मी थांबले ते छत्री उघडायला, ऊन अजून डोळ्यांवर येत होतं म्हणून. पट्टीवर एक गाव गेलं, एक आडनाव गेलं आणि मग माझ्या आत्याचं नाव गेलं. दफनविधी आज दुपारी चार वाजता. पट्टी सरकून साड्यांचा सेल आला. मी तिथेच उभी राहिले आणि पुन्हा ती ओळ यायची वाट बघू लागले, जणू दुसऱ्यांदा वेगळं नाव येणार होतं.

माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो हा की बाबा तिकडेच असतील. सख्ख्या भावाला कळलं नाही असं कसं होईल. रिक्षात बसल्यावरही मी तेच धरून होते. घराशी उतरले तर बाबा वाडीतून केळीचा घड खांद्यावर घेऊन येत होते, गुणगुणत. मी अंगणात उभी राहिले. ओटीवर चढले नाही. मी आत्याचं नाव घेतलं आणि माती चारला झाली म्हणून सांगितलं. झाली, असं सांगावं लागणारी मी आमच्या घरातली पहिलीच.

बाबांनी घड खाली ठेवला. "कोन बोललं?" एवढंच विचारलं.

"पट्टीवर आलं," मी म्हणाले.

आमच्याकडे फोन तेव्हा नव्हता, नंबर लागायचा होता. आईने ट्रंकेतून एक कोरं लाल लुगडं काढलं. कोणासाठी ते तिने कधी सांगितलं नव्हतं, आम्हीही विचारलं नव्हतं. दफनभूमीत पोहोचलो तेव्हा माणसं पांगली होती, मातीवर फुलं होती. आत्याचा मोठा मुलगा अजून तिथेच बसलेला होता. बाबांना बघून तो उठला आणि रडत म्हणाला, "मामा, आमी थांबलो होतो रे तुझ्यासाठी. फादर दोनदा विचारून गेले. तुझ्या गावातली मानसं आली, तू आला नाहीस. मला वाटलं, विलेक्शनचा राग आईवर काढलास."

"सांगावा का नाय केलास?"

"कोनत्या तोंडाने येऊ तुझ्या अंगनात? पट्टीवर दिलं सकाळीच. सगळ्यांना कळतं तसं तुलाही कळेल म्हटलं." आमच्या गावाने केबल तोडली आहे हे त्याला माहीत होतं. पण ते भाषणापुरतं असेल असं त्याला वाटलं होतं, आणि आमच्या गावातली माणसं आलेली बघितल्यावर तर त्याची खात्रीच पटली.

बाबांनी लुगडं फुलांवर पसरलं. मग मूठभर माती घेतली आणि ती कुठे टाकावी हे न कळून तशीच धरून राहिले. मला त्या वेळी सगळ्यांचा राग आला होता. आतेभावाचा, केबलवाल्याचा, त्या मेहुण्याचा, टँकरचा, क्रिकेटचा. परतीच्या वाटेवर आई हळूच म्हणाली की दुपारी शेजारची काकी पांढरी साडी नेसून जाताना दिसली होती. कुठे निघालीस विचारलं तर म्हणाली, दाताच्या डॉक्टरकडे. तेव्हा मला राग धरायला आणखी जवळचं कोणीतरी सापडलं.

मी पुढे यावर फार विचार केला आहे. विरारला आमच्याकडे संगणक आला, मुलीने मला ईमेलचा पत्ता काढून दिला. पैसे पडत नाहीत, म्हणाली. कुठल्या तरी परदेशी कंपनीने माझी पत्रं फुकट सांभाळायचं कबूल केलं होतं. मग मोबाइल आले, वाढदिवसांची आठवण तेच करून द्यायला लागले, आणि वाढदिवस आपण लक्षात ठेवायचे असतात हे घरातली सगळीच विसरली. यात मला कोणी फसवलं अशी माझी तक्रार नाही. केबलवाल्यानेही आत्याचं नाव सकाळपासून संध्याकाळपर्यंत इमानाने फिरवलं. उलट, गावाशी भांडण असतानाही फिरवलं. वर्तमानपत्रांत मी वाचते की या कंपन्यांच्या हाती फार सत्ता गेली आहे, आणि ते खरंच असणार. फक्त ती हिसकावून नेलेली मला आठवत नाही. आम्ही ती दिली, सोय म्हणून दिली, आणि देताना आपण एकमेकांच्या अंगणात जायचंही देऊन टाकतो आहोत हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. राजकारण नंतर आलं. त्याला काही नवीन करावंच लागलं नाही, रस्ता मोकळाच होता.

पण हा शहाणपणा नंतरचा. त्या संध्याकाळी मी फक्त संतापलेली होते. आम्ही घरी येऊन हातपाय धुतले, आईने दिवा लावला, आणि शेजारचे काका अंगणात येऊन उभे राहिले. मी दार लावायला उठले होते. बाबांनी हाताने मला थांबवलं.

काका जमिनीकडे बघत म्हणाले, "सकाळी बगितलं मी. पट्टीवर."

बाबा ओटीच्या कडेला येऊन उभे राहिले.

"तुला सांगायला निघालो होतो. चपला घातल्या. मग वाटलं, तू विचारशील, तुला कुठून कळलं. उपवासकाळ आहे, ठरावावर माझी सही आहे. म्हटलं, तुझी सख्खी बहीन, तुला कोनीतरी सांगितलंच असेल. तिथं गेलो तर तू नाहीस. मागे वळून यायला हवं होतं. नाय आलो. तुझ्या बहिनीच्या खड्ड्याशी उभा राहिलो आनि तुझी वाट बघत बसलो." काकांनी मान वर केली. "तू विचारलं असतंस ना?"

"नसतं विचारलं," बाबा म्हणाले.

"कशावरून?"

"तुझी वायर माझ्या केळींतून गेलीय. पहिल्या दिवसापासून बघतोय मी. घड उतरवताना एका हाताने बाजूला धरतो, कोयता लागू नये म्हनून."

"मग बोलला का नाहीस रे?"

"तुला लाज वाटली असती."

काका अंगणातच खाली बसले. बाबा ओटीवरून उतरले, त्यांच्या शेजारी मातीत बसले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा रडले.